सोमवारची बादली

'टुमदार' हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला, की मी हातातली बशी खाली ठेवते. घरच्यांना ती खूण माहीत आहे. नवरा लगेच पाहुण्यांना सांगतो, "बसून घ्या. आता तासभर कुणी उठायचं नाही."

मागे न्यू जर्सीत, एडिसनला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. तिथल्या तरुण जोडप्याचा पेनसिल्व्हेनियात कुठेतरी हायवे चुकला होता आणि ती दोघं एका गावात शिरली होती. कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं चर्च, एकसारखी लाकडी घरं, ओसरीवर बसलेले म्हातारे. ती मुलगी मला म्हणाली, "सो टुमदार, काकू. यू वुड लव्ह इट."

मी बशी खाली ठेवली. तिनं सांगितलेल्या वळणावरून मी गाव ओळखलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझा संसार त्याच गावात होता, आणि त्या टुमदारपणाचं पाणी मी प्यायले होते. अक्षरशः.

ते गाव म्हणजे कोळसा कंपनीनं मांडलेली भातुकली. जमीन कंपनीची, घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. पगार व्हायचा तोही कंपनीच्या चिठ्ठ्यांत, आणि त्या चालायच्या फक्त कंपनीच्या दुकानात. म्हणजे माणूस खाणीतून जे वर आणायचा ते कंपनीचं आणि घरी न्यायचा तेही फिरून कंपनीचंच. खाणीत उतरायला जी माणसं आणली ती स्लोव्हाक, डोंगरातल्या खेड्यांमधली. तेव्हा त्यांच्यावर हंगेरीच्या राजाचं राज्य होतं, म्हणून इथल्या कारकुनांनी सगळ्यांना 'हंगेरियन' लिहून टाकलं आणि पुढे त्याच शब्दाची शिवी बनवली. 'स्लोव्हाक' लिहिणं त्यांना अवघड होतं असं नाही. गरज वाटली नाही. आयरिश लोकांच्या चर्चमध्ये यांना खाली तळघरात बसवायचे. मग यांनी खाणीतली पाळी संपवून, काळ्या तोंडानं, स्वतःचं चर्च बांधलं. तोच तो कांद्याचा घुमट. तो रागातून उभा राहिलेला आहे, आणि लोक गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात.

माझा नवरा फुप्फुसांचा डॉक्टर. परदेशी डॉक्टरनं अशा आडगावच्या हॉस्पिटलात काही वर्षं काढली तरच व्हिसाचं पुढचं दार उघडायचं, म्हणून आम्ही तिथे आलो. खोलवरच्या खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या. उरला होता गावाच्या डोक्यावर कोळशाच्या चुऱ्याचा काळा डोंगर, आणि उरले होते खोकणारे पुरुष. कमवायच्या त्या बायका. सकाळी बसनं शिलाईच्या कारखान्यात जायच्या, दिवसभर ब्लाउजांना कॉलर लावायच्या आणि संध्याकाळी येऊन पडदे धुवायच्या. त्या काळ्या डोंगराखाली प्रत्येक खिडकीला पांढराशुभ्र, स्टार्च केलेला पडदा असायचा. गाव कसं होतं असं मला कुणी एका वाक्यात विचारलं, तर मी त्या पडद्यांचं सांगते. धूळ रोज यायची आणि बाया रोज धुवायच्या. माघार कुणीच घेत नव्हतं.

आमचं घर जोडघर होतं. मध्ये एक भिंत, पुढे एकच ओसरी. पलीकडच्या भागात घरमालकीण राहायची. सगळं गाव तिला 'बाबा' म्हणायचं. स्लोव्हाक भाषेत बाबा म्हणजे आजी. मराठी व्याकरणाची माफी मागून सांगते, बाबा बुटकी होती, बाबा जाडी होती आणि बाबा डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधायची. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती "बाबा, कम हिअर" म्हणून ओरडली की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन बाबा धावत यायचे, एक स्टेथोस्कोप घेऊन आणि एक हातात लाटणं घेऊन. बाबा मला 'मोया' म्हणायची. मोया म्हणजे माझी. एवढं समजायला मला कुणाला विचारावं लागलं नाही.

दुसरा एक शब्दही मला असाच न विचारता समजला. एकदा ती खसखशीचे रोल करत होती आणि मी बघत बसले होते. ती आपल्या आईबद्दल सांगायला लागली. इंग्रजी अडलं की ती मध्येच स्लोव्हाक शब्द टाकायची.

"खाणीचं छत पडलं, वडील खाली. त्यांना आणून ओसरीवर ठेवलं. आई झाली व्दोवा."

मी म्हटलं, "विधवा."

तिनं मान वर केली. "तुमच्यातही तोच शब्द?"

"तोच. जवळजवळ तोच."

"बरोबर आहे," ती पीठ बडवत म्हणाली. "खाणी सगळीकडे असतात."

कंपनीचा नियम असा होता की घर खाणकामगाराचं, त्याच्या बायकोचं नव्हे. घरात कमावता मुलगा नसेल तर विधवेनं घर सोडायचं. बाबा तेव्हा शाळकरी पोर होती. त्यांचं सामान रस्त्यावर काढून ठेवलं, स्वयंपाकघरातली शेगडीसुद्धा. शेगडी अजून गरम होती, असं तिनं मला सांगितलं. तिच्या आवाजात रडं नव्हतं. होती ती जुनी, नीट जपून ठेवलेली चीड. पुढे तिचं लग्नही खाणकामगाराशीच झालं, आणि कंपनीनं घरं विकायला काढली तेव्हा नवरा-बायकोनं ते जोडघर विकत घेतलं. नवरा खोकून खोकून गेला. या वेळी मात्र घर तिचं होतं. ती म्हणायची, "इथून आता मला फक्त पाद्री हलवेल. तोही पेटीत घालून."

पण घर विकताना कंपनीनं पाणी विकलं नव्हतं.

ती गंमत मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. गावाला पाणी यायचं ते डोंगरावरच्या तळ्यातून, कंपनीनं कोळसा धुण्यासाठी कधीकाळी बांधलेल्या. जुनी कंपनी गेली, तिची जमीन दुसरीनं घेतली, दुसरीची तिसरीनं, आणि जमिनीबरोबर तळं आणि नळही गेले. ही तिसरी कंपनी डोंगराची वरची कातडी सोलून उरलासुरला कोळसा काढायला लागली. एका सकाळी मी नळ उघडला आणि केशरी पाणी आलं.

आता, मी नाशिकची. रंगपंचमीला जुन्या रहाडी उघडतात, दगडी हौदात फुलांचा केशरी रंग कालवतात आणि माणसं त्यात धबाधब उड्या मारतात, हे बघत मी वाढले. त्यामुळे पहिल्या क्षणी मला, खोटं कशाला बोलू, मौज वाटली. मग त्या पाण्यात भाताचे तांदूळ धुतले आणि मौज संपली. पाण्याला गंजलेल्या खिळ्याची चव होती. आठवड्याभरात गावातले सगळे पडदे गेरू फासल्यासारखे झाले. आयुष्यभर कोळशाच्या धुळीला हार न गेलेल्या बाया पडद्यांकडे बघत अंगणात नुसत्या उभ्या राहिल्या.

कंपनीनं चर्चच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. फिलाडेल्फियाहून एक तरुण साहेब आला, गोरापान, दात पांढरे, शर्ट त्याहून पांढरा. त्यानं सांगितलं की नळयोजना जुनी झाली आहे आणि येत्या उन्हाळ्यात कंपनी ती बंद करणार आहे. लोकांनी आपापली विहीर खणावी आणि तसं संमतीपत्रावर लिहून द्यावं. खाणींनी पोखरलेल्या डोंगरात विहिरीला काय लागणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि पाण्याची सोय नसलेलं घर राहण्यालायक नाही असं ठरवून रिकामं करायचा तिथे कायदा होता. म्हणजे पाणी गेलं की घर गेलं. बाबाला ते सगळ्यांच्या आधी कळलं. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि तिची हनुवटी हळूहळू वर जात होती.

"तोवर हेच पाणी प्यायचं?" कुणीतरी विचारलं.

"पाण्याचा रंग हा आरोग्याचा प्रश्न नाही," साहेब म्हणाला. "तो केवळ सौंदर्याचा प्रश्न आहे."

मागून एक बाई म्हणाली, "कुणाच्या? माझ्या का तुझ्या?"

हॉल हसला. बाबा हसली नाही. ती उभी राहिली. "तू पितोस?"

"मॅडम, मी आत्ताच कॉफी घेतली."

"कुठल्या पाण्याची?"

"मी घरून थर्मास आणलाय."

मी रागानं लाल झाले. नवऱ्यानं माझा हात धरून ठेवला होता, कारण त्याला माझा स्वभाव माहीत आहे.

साहेबानं सांगितलं की तो ईस्टरनंतरच्या सोमवारी घरोघर येऊन सह्या घेईल. त्याला तो साधा कामाचा दिवस. गावाला मात्र तो दिवस साधा नव्हता. स्लोव्हाक लोकांत ईस्टरच्या सोमवारी पुरुष बायकांच्या अंगावर पाणी ओततात. बाई वर्षभर ताजीतवानी राहते म्हणे. आणि भिजलेल्या बाईनं भिजवणाऱ्याला रंगवलेलं अंडं द्यायचं. यातलं एवढंच मला कुणीतरी सांगितलं होतं. पुढचा भाग राहून गेला. तो भाग असा, की बायकांनी ओतायचं ते मंगळवारी. सोमवारी बाईनं पुरुषावर पाणी टाकायचं नाही म्हणजे नाही.

त्या सोमवारी सकाळी शेजारचा म्हातारा खाणकामगार आला. नाकात ऑक्सिजनची नळी, मागे चाकांवर सिलिंडर, हातात चहाचा कप. पायऱ्या चढताना दोनदा थांबला. मग फार गंभीरपणे त्यानं माझ्या डोक्यावर तो कप ओतला, केशरी पाण्याचा, आणि म्हणाला, "माफ कर, बादली उचलवत नाही." मी त्याला अंडं दिलं. नाशिकची मुलगी भिजल्यावर अंडं देऊन गप्प बसेल? मी नळाखाली बादली लावली. दुपारी जेवणं झाल्यावर तो त्याच्या ओसरीत डुलक्या घेईल तेव्हा त्याच्या पायांवर तरी ओतायची, असा माझा बेत. जेवणं झाली, ती भरलेली बादली घेऊन मी दाराआड उभी होते, तेवढ्यात साहेब आला.

तो बाबाच्या दारापुढे उभा राहिला. हातात कागद. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओसऱ्यांवर सगळी म्हातारी माणसं. आळीतल्या कुणीही अजून सही केलेली नव्हती. बाबा काय करते हे सगळे बघत होते.

"मी सही करणार नाही," बाबा म्हणाली.

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," साहेब म्हणाला. आवाज अगदी मध. "तुमची मुलगी न्यू जर्सीला असते ना? तुमच्या वयाला तेच बरं. हे घर तुम्हाला आज ना उद्या सोडायचंच आहे. सामान हलवायला लागलं तर कंपनी माणसं देईल."

सामान हलवायला माणसं. त्याला काय माहीत असणार. मला माहीत होतं. मी दार लाथेनं उघडलं आणि अख्खी बादली त्याच्या डोक्यावर ओतली.

काय सांगू, इतकं नेमकं ओतणं मला आयुष्यात पुन्हा जमलं नाही. केसांपासून बुटांपर्यंत. पांढरा शर्ट क्षणात केशरी, जसा काही रहाडीतून निघालाय. मी बादली खाली ठेवून टाळ्यांची वाट बघू लागले.

सिलिंडरवाल्या म्हाताऱ्यानं हळूच मान हलवली, नाही नाही अशी. बाबा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा कठोर झाला होता.

"मोया," ती म्हणाली. "आज सोमवार आहे."

"मग?"

"सोमवारी बायका ओतत नाहीत."

कंपनीच्या माणसाला न्हाऊ घातल्याबद्दल त्या रस्त्यावर एकाही माणसाची तक्रार नव्हती. वार चुकला, ही तक्रार होती. मला असा राग आला की काय सांगू. इकडे तुमचं पाणी चाललंय, घर चाललंय, आणि तुम्ही मला वार शिकवताय?

साहेबानं कुणाच्या तरी फोनवरून पोलीस बोलावला. गावचा एकुलता एक पोलीस हा बाबाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो आला, त्यानं साहेबाकडे पाहिलं, रिकाम्या बादलीकडे पाहिलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं. तेवढ्या वेळात तो तोंडावरचं हसू पुसत होता.

"हा हल्ला आहे," साहेब म्हणाला.

"ही आमच्यात पद्धत आहे, सर. पण..." तो अडखळला. "मावशी, आज तर सोमवार. मला तरी काय म्हणता येणार?"

बाबा विचार करत होती. मग तिनं मला विचारलं, "तुझ्या देशात आत्ता किती वाजले?"

मी मनात हिशेब केला. आमची दुपार, म्हणजे तिकडची मध्यरात्र उलटलेली. "साडेबारा होऊन गेले. रात्रीचे."

"म्हणजे वार?"

"मंगळवार लागला."

बाबानं भाच्याकडे पाहिलं. "ऐकलंस? हिचा मंगळवार आहे."

भाच्यानं टोपी परत घातली. "मंगळवार असेल तर सगळं पद्धतशीर झालं. सर, खरं म्हणजे आता तुम्हीच या बाईंना काहीतरी देणं लागता."

"दुसरं काही नको," बाबा म्हणाली. "पाणी दे म्हणावं."

आणि तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांच्या टाळ्या, मध्येमध्ये खोकला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला. "अगं, आपला व्हिसा यांच्या हातात आहे. हॉस्पिटलच्या बोर्डावर त्या कंपनीची माणसं आहेत. आणि तू बादल्या ओततेस?"

"अहो, तुमच्या पेशंटच्या छातीतला कोळसा त्याच कंपनीचा."

त्यानं ताट पुढे ओढलं. मग म्हणाला, "पूर्ण भिजला का?"

"बुटांसकट."

"हं," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला.

आळीनं सह्या दिल्याच नाहीत, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी सरकारी अधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. बाबानं तिचा चर्चचा रुमाल बांधला होता. कंपनीच्या वकिलानं पाणी किती निर्धोक आहे हे लांबण लावून सांगितलं. मग साहेबाला उभं केलं, गावचे लोक किती आडमुठे आहेत ते सांगायला. तो सांगता सांगता माझ्या बादलीपर्यंत आला आणि त्याचा तोल गेला. म्हणाला, सूट कायमचा वाया गेला, डाग कशानंच निघाला नाही, दोन दिवस डोळे चुरचुरत होते, अंगावर पुरळ उठलं, डॉक्टरकडे जावं लागलं.

वकील त्याची बाही ओढत होता, पण वेळ गेली होती. अधिकाऱ्यानं चष्मा वर केला. "हे नळाच्याच पाण्यामुळे?"

साहेबानं वकिलाकडे पाहिलं.

पहिल्या रांगेतून बाबा म्हणाली, "सौंदर्याचा प्रश्न आहे, साहेब."

निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनीनं दुसरी सोय होईपर्यंत गावाला स्वच्छ पाणी पुरवावं. आम्ही चर्चच्या हॉलमध्ये नाचलो. मी लावणीच्या दोन अदा करून दाखवल्या, त्या स्लोव्हाक नाचात बेमालूम खपल्या.

इथे गोष्ट संपली असती तर मी 'टुमदार' शब्दावर बशी खाली ठेवली नसती. पानगळीच्या आत कंपनीनं दिवाळं काढलं. कोळसा काढून झाला होता, तेव्हा दिवाळं काढायला सोयीचा काळ होता. निकाल आमच्या हातात आणि तो बजावायचा कुणावर, तर कुणावरच नाही. तो साहेब दुसऱ्या कंपनीत गेला असं ऐकलं. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण आपल्याकडे खाण न बघितलेल्या माणसानं केली असेल, पण तिचा अर्थ मला तिथे लागला.

सरकारनं चर्चच्या आवारात पाण्याचा टँकर उभा केला आणि हात झटकले. घरं लगेच रिकामी करवली नाहीत एवढंच. लोक स्वतःच जाऊ लागले. बाबा गेली नाही. दोन डबे, एक छोटी ढकलगाडी, आणि रोज टँकरपर्यंत चढ. मी होते तोवर मी सोबत जायचे. मग नवऱ्याचा व्हिसा मोकळा झाला, एडिसनला नोकरी लागली आणि आम्हीही गेलो. पुढच्या हिवाळ्यात बर्फावर डब्यासकट घसरून बाबाच्या खुब्याचं हाड मोडलं. तिच्या मुलीनं न्यू जर्सीला नेण्यासाठी गाडी आणली, तर बाबानं तिला घरातल्या घरात बिछाना स्वयंपाकघरात आणून टाकायला लावला आणि गाडी परत पाठवली.

सरकारी पाइपलाइन आली ती त्यानंतरच्या वसंतात. तोवर आळीतली निम्मी घरं ओस पडली होती. सिलिंडरवाला म्हातारा गेला होता. बाबाच्या मुलीचा फोन आला आणि मी एडिसनहून गाडी काढली. पोचले तेव्हा प्लंबर सामान आवरत होता. बाबा स्वयंपाकघरात पडून होती, अर्धी झालेली, रुमाल मात्र ताठ.

"उघड," ती म्हणाली.

मी नळ उघडला. आधी हवा खाकरली, मग थोडं गढूळ, मग स्वच्छ. मी पेला भरून तिला दिला. तिनं तो खिडकीकडे धरून त्यातून बाहेर पाहिलं, एक घोट घेतला आणि उरलेलं मला प्यायला लावलं. मी पेला ठेवला आणि आपल्याकडच्या सवयीनं हात नळाकडे गेला.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, वाया जातंय."

"जाऊ दे. माझा बाप दिला, नवरा दिला, खुबा दिला. वाहू दे."

माझे हात शिवशिवत होते. वाहतं पाणी उघडं टाकून बसायची आमच्याकडे कुणाला सवय नाही. मी हात पदराखाली घेतले आणि तिच्या उशाशी बसून राहिले. बाबानं डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती, आवाज ऐकत होती. प्लंबर मध्येच डोकावला आणि नळ बंद करायला पुढे आला. त्याला मी जे म्हटलं ते मराठीत म्हटलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला समजलं. तो गेला. संध्याकाळपर्यंत पाणी वाहत होतं.